संगणकावर आणि हातातल्या जीपीएसवर मोफत स्थलनिर्देशक नकाशे



आमच्या गिरिभ्रमण मंडळाची खानापूर तालुक्यातली एक सहल अनेकांच्या लक्षात असेल. दुपारी डोंगरावर धुके उतरले, वाट एके ठिकाणी फुटली आणि फोनमधला नकाशा उघडला तर पडदा कोरा! रेंज नव्हती आणि नकाशा आधी उतरवून ठेवण्याचे आम्हा शिक्षकांपैकी कोणालाच सुचले नव्हते. आम्ही चुकीच्या सोंडेवरून उतरलो. मुले सुखरूप परतली, पण तीन तास उशिरा. बसथांब्यावर ताटकळणाऱ्या आयांचे चेहरे आम्ही विसरलेलो नाही. चूक आमची होती. पुढे एका विश्वस्तांनी शाळेला हातात धरायचे जीपीएस यंत्र भेट दिले. "आता नकाशेही विकत घ्यावे लागतील का?" असे त्यांनी विचारले होते. त्याचे उत्तर म्हणजे हा पाठ.

यंत्र काय सांगते, नकाशा काय सांगतो

जीपीएस यंत्र उपग्रहांच्या संदेशावरून फक्त आपले अक्षांश-रेखांश काढते. त्याला इंटरनेट लागत नाही, फोनची रेंजही लागत नाही. पण समोर ओढा आहे की कडा, हे नकाशाच सांगतो. स्थलनिर्देशक नकाशावर समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा असतात. रेषा दाटीने आल्या तर चढ खडा, विरळ असल्या तर सौम्य.

मोफत नकाशे कोठून मिळतात?

पहिला मार्ग सरकारी. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची. या विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे 'ओपन सिरीज' नकाशे २०१७ पासून नावनोंदणी करून पीडीएफ रूपात मोफत उतरवता येऊ लागले. एका नकाशात १५ मिनिटे अक्षांश व १५ मिनिटे रेखांश एवढा भाग असतो आणि समोच्च रेषांतले अंतर साधारणपणे २० मीटर असते. जुन्या क्रमांकपद्धतीत आपले बेळगाव ४८ आय या भागात येते. शहरातून ७४ अंश ३० मिनिटे ही रेखांशाची रेषा जात असल्यामुळे शहर ५ आणि ९ अशा दोन नकाशांत विभागले आहे. हे नकाशे छापून सोबत ठेवावेत. यंत्राची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

दुसरा मार्ग 'ओपनस्ट्रीटमॅप'चा. २००४ साली सुरू झालेल्या या नकाशात जगभरचे स्वयंसेवक रस्ते, वाटा, ओढे भरतात. त्याला उंचीची जोड बहुधा 'एंडेव्हर' अवकाशयानाने फेब्रुवारी २००० मध्ये ११ दिवसांत रडारने घेतलेल्या मोजणीतून मिळते. या दोहोंपासून तयार झालेला नकाशा थेट यंत्रात घालता येतो.

यंत्रात नकाशा घालण्याची कृती

आमचे यंत्र गार्मिनचे असल्यामुळे त्याचीच कृती देतो.

१. यंत्रात नकाशा घालता येतो का, हे आधी पुस्तिकेत पाहा. अगदी साध्या प्रकारच्या यंत्रांत ही सोय नसते.

२. बीबीबाइक या संकेतस्थळाच्या 'एक्स्ट्रॅक्ट' पानावर हव्या त्या भागाभोवती चौकोन आखा. बेळगाव, खानापूर आणि चोर्ला घाट एवढा भाग पुरे. सगळा देश उतरवायचा मोह टाळा.

३. प्रकार निवडताना गार्मिनसाठीचा 'ओपनटोपो' निवडा. त्यात लॅटिन-१ लिपीचा पर्याय घ्यावा, कारण बऱ्याच यंत्रांना देवनागरी किंवा कन्नड अक्षरे दाखवता येत नाहीत. ईमेल पत्ता दिला की काही वेळाने दुवा येतो.

४. आलेली झिप फाईल उघडा. आत आयएमजी प्रकारची फाईल असते. जुन्या यंत्रांना तिचे नाव ठरावीकच लागते: जी-एम-ए-पी-एस-यू-पी-पी, मग बिंदू, मग आय-एम-जी. नवी यंत्रे दुसरे नावही चालवून घेतात.

५. मायक्रोएसडी कार्ड 'फॅट-३२' पद्धतीने फॉरमॅट करा (आधीचे सर्व पुसले जाते, हे ध्यानात ठेवा). त्यावर 'गार्मिन' नावाचा फोल्डर इंग्रजीत करून फाईल त्यात ठेवा. या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही.

६. संगणकातून कार्ड 'इजेक्ट' करूनच काढा. घाईने उपसले तर फाईल अर्धवट राहते. आमचे पहिले कार्ड असेच वाया गेले.

७. यंत्र सुरू करून सेटअपमध्ये नकाशांच्या यादीत नवा नकाशा चालू आणि बाकीचे बंद करा. समोच्च रेषा दिसल्या नाहीत तर घाबरू नका, झूम वाढवा. त्या जवळून पाहतानाच उमटतात.

संगणकावर हाच नकाशा पाहायला 'क्यूमॅपशॅक' हा मोफत प्रोग्रॅम आहे. घरी बसून त्यावर वाट आखावी, जीपीएक्स फाईल करून यंत्रात भरावी आणि परतल्यावर चाललेली वाट ताडून पाहावी.

दोन चुका जपा

पहिली चूक अंश-मिनिटांची. बेळगावचे अक्षांश सुमारे १५ अंश ५१ मिनिटे. हेच कोणी १५.५१ अंश असे भरले तर जागा सुमारे ३८ किलोमीटर दक्षिणेला सरकते! ५१ मिनिटे म्हणजे ५१ भागिले ६०, अर्थात ०.८५ अंश. म्हणून बरोबर आकडा १५.८५.

दुसरी चूक 'डेटम'ची, म्हणजे पृथ्वीचा आकार कोणता धरला याची. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळून भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. १८२३ साली हिंगणघाट येथे, म्हणजे आजच्या वर्धा जिल्ह्यात, त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम पुढे नेले. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्ट यांनी मांडलेल्या आकारावर बेतलेले आहेत, तर जीपीएस 'डब्ल्यूजीएस ८४' वापरते. ओपन सिरीज नकाशेही याच नव्या मापावर आहेत. कपाटातल्या जुन्या नकाशावरचे आकडे तसेच यंत्रात भरले तर शेकडो फुटांचा फरक पडू शकतो. मैदानात तो चालेल, कड्यावर चालणार नाही.

नकाशावर किती भिस्त ठेवावी?

रडारने दाट रानात जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांच्या जवळपासची उंची मोजलेली असते. अरुंद घळी सपाट झालेल्या असतात. २० मीटरच्या दोन रेषांमध्ये १५ मीटरचा कडा सहज लपतो. वाट नकाशात आहे म्हणून ती पावसाळ्यात चालण्याजोगी असेलच असे नाही. म्हणून गावातल्या जाणत्या माणसाला विचारणे सोडू नये, आणि अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये.

पालकांना एक खास सूचना. उपग्रहाद्वारे निरोप पाठवणारी जीपीएस यंत्रेही असतात. आपल्या देशात अशी यंत्रे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा आहे. परदेशातून नातेवाईक भेट आणणार असतील तर त्यांना हे आधीच कळवावे. फक्त स्थान दाखवणाऱ्या साध्या यंत्राची गोष्ट निराळी.

गृहपाठ

१. किल्ल्यातल्या कमल बस्तीपाशी उभे राहून यंत्रावरचे आकडे टिपा व नकाशाशी ताडून पाहा.

२. येळ्ळूरच्या राजहंसगडाभोवतीच्या समोच्च रेषा पाहून कोणत्या बाजूने चढ सौम्य आहे ते ठरवा. मग प्रत्यक्ष जाऊन खात्री करा.

३. तुमच्या गावची एखादी पाणंद किंवा विहीर ओपनस्ट्रीटमॅपवर नसेल तर शिक्षकांच्या मदतीने भरा. तेथे एकाच ठिकाणाची मराठी, कन्नड व इंग्रजी नावे स्वतंत्रपणे नोंदवता येतात. आजीला ठाऊक असलेली माळाची आणि ओढ्याची नावे तिला विचारून घ्या. ती अजून कोणत्याच नकाशावर नसतील.

विश्वस्तांच्या प्रश्नाचे उत्तर असे: नकाशे विकत घ्यावे लागले नाहीत, खर्च आला तो एका कार्डाचा आणि छपाईचा. मात्र यापुढे सहलीच्या आदल्या दिवशी दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक मिळून यंत्र, कार्ड, जादा सेल व कागदी नकाशा तपासतील आणि परतीची वाट पालकांना लिहून देतील, असे आम्ही ठरवले आहे. बसथांब्यावर पुन्हा कोणी ताटकळू नये, एवढीच इच्छा.