भांडी खोक्यात ठेवू नकोस

अगं, तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्याशी तशीच उभी राहिले. शिक्षणसेवक म्हणून निवड, परभणी जिल्हा परिषद, तालुका गंगाखेड! किती वर्षं अभ्यासाची वही उशाशी घेऊन झोपलीस तू. आणि ही बातमी सांगता सांगताच रडलीस, "ताई, पण परभणी?"

मी २००३ मध्ये इथं आले तेव्हा मामी म्हणाली होती, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." इकडची बदली म्हणजे शिक्षा, असं समजणाऱ्यांची ती म्हण. इथली माणसं मात्र "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणतात, आणि छाती पुढं काढून म्हणतात. आज मीही तेच म्हणते. पण तिथवर यायला मला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांची किंमत माझ्या लेकानं मोजली. हे मी आईलाही कधी सांगितलं नाही.

आल्यावर मी अर्धी भांडी खोक्यातच ठेवली होती. विचारेल त्याला सांगायचे, "आम्ही काय, बदली झाली की जाणार." लेक तेव्हा पहिलीत. महिन्याभरात तो शाळेतून इथली बोली घेऊन आला. एकदा मी रागावले तर म्हणाला, "आई, कामून वरडायलीस?" मी त्याला तिथंच थांबवलं, 'का ओरडतेस' म्हण, असं दहादा म्हणायला लावलं. मग ते रोजचंच झालं. हळूहळू तो घरात बोलेनासा झाला, मित्रांना दारात आणेनासा झाला. शाळेत त्याला तिकडचा म्हणत आणि घरात मी त्याला इकडचा होऊ देत नव्हते. सात वर्षांच्या पोरानं उभं तरी कुठं राहायचं? हे मला कळलं तेव्हा फार उशीर झाला नव्हता, एवढंच. तुझी दोघं 'कामून', 'करायलाय' घेऊन आली की हसून ऐक. आपली विट्याकडची भाषा घरात तू बोलतेसच, ती कुठं जात नाही. आपल्या खानापूर तालुक्यातले गलाईवाले बघ, सोनं-चांदी गाळायला पार दक्षिणेत गेले. पोरं तिथली भाषा बोलतात आणि गावच्या जत्रेला आली की आपलीही.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते तुझ्या नवऱ्याबद्दल. तू पहिल्या दिवशी शाळेत जाशील, हजेरीपुस्तकात तुझं नाव असेल, पोरं "बाई" म्हणतील. तुझी जागा तयार आहे. बाकी चौघांची नाही. बायकोच्या नोकरीमागं आलेल्या पुरुषाला लोक पारावर, किराणा दुकानात, पंगतीत विचारतात, "आपण काय करता?" त्याचं उत्तर त्याच्याकडं हवं, तू त्याच्या वतीनं देऊ नकोस. त्याला मोटारी भरता येतात, हे फार मोठं भांडवल आहे. गोदाकाठी ऊस आहे, विहिरी-बोअर आहेत, मोटारी जळतच असतात. सामान हलवायच्या आधी त्याला आठ दिवस एकट्याला येऊ दे. गंगाखेडच्या बाजारात फिरू दे, दोन-चार दुकानांत बसू दे. जागा त्यानं शोधलेली असली की ती त्याची होते.

सासूबाईंची मला काळजी नाही. वारकरी बाईला गंगाखेड म्हणजे जनाबाईचं गाव. शिवाय शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना परभणी, दैठणा, गंगाखेड करतच पुढं परळीकडं जाते. पहिल्याच आषाढीला त्यांना रस्त्याकडेला उभं कर. नंतर शेजारणी त्यांना स्वतःहून हाक मारतील, बघ.

राहायचं कुठं, हा वाद तुमच्यात चाललाय ना? तुझा नवरा म्हणतो परभणीत घर घ्यावं, तू अप-डाउन करावंस. नको. अप-डाउन करणाऱ्यांचा जीव घड्याळात असतो, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. शेवटच्या तासाला कान गाडीकडं, आणि गावाला शिक्षक संध्याकाळी कधी दिसतच नाही. शाळेच्या गावात घर मिळालं तर उत्तमच, नाहीतर गंगाखेडात दोन खोल्या बघ. घर बघताना भाडं नंतर विचार, आधी गल्लीतल्या बाईला विचार, पाणी कितव्या दिवशी येतं आणि उन्हाळ्यात काय होतं. टाकी मोठी हवी. मे महिन्यात पारा चव्वेचाळिशीपर्यंत जातो, पत्र्याच्या खोलीत सासूबाईंना ठेवू नकोस.

पैशाचं स्पष्ट बोलते. तीन वर्षं तुला महिना १६,००० मानधन. २०२३ च्या आधी ते ६,००० होतं, म्हणजे आधीच्या पोरींनी कसं काढलं असेल! तरी पाच जणांचं घर त्यात ओढाताणीचंच. तिकडचं घर विकू नका, कर्ज काढून इथं काही घेऊ नका. फ्रिज, कपाट सगळं ट्रकात भरून आणायचा हट्टही नको.

निघायच्या आधी पोरांचे दाखले मागून ठेव. थोरल्याला सरकारी किंवा अनुदानित शाळेत घालताना दाखला यायला उशीर झाला तरी घाबरू नकोस. आठवीपर्यंत त्या कारणानं अशा शाळेला प्रवेश अडवता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ते आहे. धाकटीला तुझ्याच शाळेत घाल. बाईंची पोरगी आपल्या पोरांसोबत बसते हे गाव बघतं.

१७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन. आपल्याकडं त्या दिवशी काही नसतं, म्हणून तुला सुचणार नाही. इथं शाळेत झेंडा लागतो, कारण या भागाला निजामाच्या राजवटीतून सुटायला १९४८ चा सप्टेंबर उजाडला. कुणाच्या आजोबांनी काय सोसलं ते पोरांनाच विचार, घराघरात गोष्टी आहेत.

आणि दिवाळीनंतर तुझा वर्ग निम्मा रिकामा होईल तेव्हा खचू नकोस. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात आणि पोरंही गाडीत बसतात. आपण एकदा बिऱ्हाड हलवायचं म्हणून रडतोय, ती पोरं दरसाल हलतात. आजी-आजोबांकडं राहू शकणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. दसऱ्याच्या आधीच घरोघर जाऊन बोल, कारण उचल घेतल्यावर कुणी ऐकण्याच्या स्थितीत नसतं. जी जातील त्यांची वही, त्यांची जागा जपून ठेव. उन्हाळ्याच्या तोंडाला परत आल्यावर "कुठं होतीस इतके दिवस?" असं कुणाला म्हणू नकोस. तू म्हणणारही नाहीस, मला माहीत आहे.

मिरजेहून कोल्हापूर–नागपूर गाडी पंढरपूर, लातूर, परळी करत इकडं येते. रोज नाही, वार बघून तिकीट काढ. सासूबाईंना खालचा बर्थ. खोक्यांवर आत काय आहे ते ठळक लिही, आणि त्यांचा भाकरीचा तवा सगळ्यात वरच्या खोक्यात ठेव. मी शनिवारीच येते. पहिल्या संध्याकाळी खोकी मी उघडणार, सगळीच्या सगळी.