संधिमुक्तीनंतरचे स्नेहन

शहापूर-मुरबाड भागात आवणीच्या दिवसांत बांधावरून घसरून खांदा वा कोपर निखळलेले रुग्ण आम्हा वैद्यांकडे येतात. पुष्कळदा हाडवैद्याने सांधा बसविलेला असतो आणि रुग्णाची मागणी एकच असते, ‘तेल लावून चोळून द्या.’ पुढे हात कामाचा राहणार की नाही, हे बहुधा येथेच ठरते.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानातील भग्नचिकित्सेत कोपर निखळल्यास अंगठ्याने अनुमार्जन सांगितले आहे, ते सांधा बसविण्याचा भाग म्हणून. नंतर प्रसारण-आकुंचन व स्नेहसेक आहे. सेक म्हणजे धार, मर्दन नव्हे. हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. कोपराभोवतीच्या दुखावलेल्या मांसपेशी दाबून चोळल्यास व सांधा बळाने ताणल्यास मांसातच अस्थी निर्माण होऊन कोपर जखडण्याचा धोका असतो. आधुनिक शास्त्र यास मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणते.

म्हणून तेलास हात घालण्यापूर्वी क्ष-किरण चित्र पाहावे, मनगटाची नाडी व बोटांची हालचाल तपासावी. खांद्याच्या बाहेरील बाजूस बधिरता असल्यास नाडीतंतूस इजा समजून रुग्णास अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. सांधा बसल्यावर खांद्यास तरुणांत सुमारे तीन आठवडे, वृद्धांत आखडण्याच्या भयाने सुमारे एकच आठवडा आधार द्यावा. त्या काळात बोटे व मनगट हलते ठेवावे.

आधार निघाल्यावर कोमट तेलाचे हलके अभ्यंग मान, पाठ व दंडावर करावे. सांध्याच्या पुढील भागी अंगठ्याचा दाब देऊ नये. बळ वाढविण्यास हाताच्या तळव्याच्या भग्नासाठी सुश्रुतांनी सांगितलेला क्रम उत्तम : प्रथम मातीचा गोळा, मग सैंधव, बळ आल्यावर पाषाण. हात वर उचलून मागे नेणे मात्र सुमारे तीन महिने वर्ज्य. झोडणीत भाताची पेंढी उगारताना नेमके हेच घडते, आणि तरुणांत खांदा पुन्हा निखळण्याचे प्रमाण अधिक असते. रुग्णास ‘जपून राहा’ म्हणण्यापेक्षा ‘यंदा झोडणी दुसऱ्यास करू द्या’ असे सांगितलेले बरे.

औषधी विक्रेते बंधूंनी महानारायण तेलाची बाटली देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : सांधा कधी निखळला, आणि फोटो काढला का? सूज, उष्णता वा बधिरता असल्यास तेल न देता रुग्णास वैद्याकडे वा शासकीय रुग्णालयात धाडावे.