खारवलेले मासे आणि मेंदूतील रक्तस्राव

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. रक्तदाब वाढलेला असतो, पण बरे वाटले की गोळ्या बंद करतात. जेवणात खारवलेला मासा रोज लागतो. मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती आहे का?
– एक वाचक, वर्सोवा

उत्तर : भीती आहे, पण धोका टाळता येतो. जपान त्याचे मोठे उदाहरण. १९६०च्या दशकात तिथे पक्षाघाताने होणारे मृत्यू फार जास्त होते. लोणची, मिसो, खारे मासे खाणाऱ्या अकितासारख्या उत्तरेकडील भागात मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाण विशेष होते. मीठ घटवले, गावोगाव रक्तदाब तपासला, उपचार नियमित केले. मृत्यू झपाट्याने कमी झाले.

वडिलांची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. दिवसभरातले एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा. खारा मासा क्वचित, तोही भिजवून पाणी टाकून द्या. ताजा मासा खुशाल वाढा.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर लगेच १०८ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. पक्षाघात रक्ताच्या गुठळीमुळे असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते. रक्तस्रावात मात्र तेच घातक ठरते. ॲस्पिरिननेही रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून स्कॅनपूर्वी ते घरी देऊ नका.