रंग नियमानं द्यावा, हातानं नाही

लेकरा, परभणीतल्या कृषी सेवा केंद्रासाठी साठ्याचं सॉफ्टवेअर करतोयस, तर आधी दुकानात जाऊन पिशव्यांना शिवलेले टॅग बघून घे. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा. तिथं कुणाची आवडनिवड चालत नाही. दर्जा ठरला की रंग आपोआप ठरतो. पडद्यावरच्या यादीलाही हीच शिस्त लाव.

नियम मात्र नीट कळलेला असावा. सोयाबीनची उगवणशक्ती किमान ७० टक्के लागते, हरभऱ्याची ८५. म्हणजे ७८ हा आकडा एका लॉटला चालतो, दुसऱ्याला नाही. यादीच्या डिझाइनमध्येच ‘८५ खाली लाल’ लिहून ठेवलंस, तर चांगलं सोयाबीनही लाल दिसेल. म्हणून पीक, उगवण आणि मुदत बघून निकाल डेटाच्या बाजूला लावायचा: ‘चालू’, ‘मुदत जवळ’, ‘विकू नये’. यादीनं तो निकाल फक्त दाखवायचा.

आता खरी मेख. डब्ल्यूपीएफच्या लिस्टबॉक्समध्ये हजार लॉट असले तरी ओळी तेवढ्या बनत नाहीत. पडद्यावर मावतील त्याच्या आसपासच बनतात. रीसायकलिंग चालू असेल तर वर सरकून दिसेनाशी झालेली ओळ खाली नव्या लॉटसाठी वापरली जाते. तू कोडमधून त्या ओळीला थेट लाल पार्श्वभूमी दिली असशील, तर यादी सरकवताच तो लाल रंग भलत्याच लॉटवर जाऊन बसतो. शिवाय थेट दिलेली किंमत स्टाइलमधल्या ट्रिगरपेक्षा वरचढ ठरते, त्यामुळे नंतर लावलेला नियमही तिथं चालत नाही. आयटमकंटेनरस्टाइल घे, त्यात डेटाट्रिगर लाव, आणि नेहमीचा रंगसुद्धा त्याच स्टाइलच्या सेटरमध्ये ठेव. दोन अटी एकदम खऱ्या ठरल्या तर शेवटी लिहिलेला ट्रिगर जिंकतो. म्हणून ‘विकू नये’ सगळ्यांत खाली.

स्टाइलसिलेक्टर दिसायला सुटसुटीत, पण इथं तो टाळ. ओळ तयार होताना तो एकदा निर्णय देतो. पुढं आकडा बदलला तरी आपणहून परत बघत नाही. आणि बियाण्यात आकडा बदलतो. प्रमाणित बियाण्याची मुदत परीक्षणाच्या तारखेपासून ९ महिने असते. फेरपरीक्षणात पास झालं तर ती ६ महिन्यांनी वाढते. लॉट पास झाला, नोंद झाली, आणि ओळ तरीही लालच, असं झालं तर दुकानदार तुझ्या रंगावर पुन्हा भरवसा ठेवणार नाही. डेटाट्रिगर बदल टिपतो, पण लॉटच्या ऑब्जेक्टनं ‘मी बदललो’ अशी सूचना द्यायला हवी. ती सूचना देणाऱ्या इंटरफेसचं तेवढं काम करच.

एक गोष्ट फार जण विसरतात. तारीख स्वतःहून सूचना देत नाही. सीझनमध्ये दुकानातला कॉम्प्युटर रात्रीही बंद होत नाही. काल संध्याकाळी ‘चालू’ असलेला लॉट मध्यरात्री मुदतबाह्य होतो आणि सकाळी यादीत तसाच पांढरा दिसतो. तारीख पालटली की सगळ्या लॉटची स्थिती नव्यानं काढणारा टायमर हवा.

नुसत्या रंगावर सगळं सोपवू नकोस. लाल-हिरवा फरक न कळणारी माणसं काउंटरवर असतात, आणि निवडलेल्या ओळीचा निळा पट्टा तुझा लाल झाकून टाकतो. शेजारच्या रकान्यात ‘विकू नये’ असे शब्द ठळक लिही. झेब्रा पट्टे, सावल्या, चार-चार छटा काढून टाक. सगळंच रंगीत झालं तर काहीच नजरेत भरत नाही.

हे एवढं लावून धरतोय, कारण २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाड्यात हजारो शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या. पेरणी वाया गेली की दुबार पेरणीचा खर्च त्याच माणसाच्या डोक्यावर. बियाणं खराब निघण्याची कारणं अनेक असतात, सगळी काही सॉफ्टवेअरनं सुटत नाहीत. पण मुदत संपलेली पिशवी दुकानातून बाहेर न जाऊ देणं तुझ्या हातात आहे. म्हणून मृगाच्या आधी शेवटचं काम हे कर: ‘विकू नये’ स्थितीतला लॉट बिलातही चढणार नाही अशी अट घाल, आणि कॉम्प्युटरची तारीख पुढं ढकलून ती अट स्वतः तपास.