पाऊस, थंडी आणि ताटातील घास



माझे बालपण समुद्रकिनारी, भाताच्या खाचरांजवळ गेले. तेथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांत तो साधारणतः ७०० ते ९०० मिलिमीटर. पाऊस कमी म्हणून पीक कमी, असा सोपा हिशेब मी येथे आल्यावर मांडला होता. येथील शेतकऱ्यांनी तो चुकीचा ठरविला. पाऊस किती पडला याइतकेच तो केव्हा पडला, हेही महत्त्वाचे असते.

प्रथम भात पाहू. त्याला मुळाशी पाणी लागते. म्हणून आपल्याकडे कालव्याचे वा नदीचे पाणी असेल तेथेच तो पिकतो. पोटरीच्या वेळी ताण पडला, तर लोंब्या नीट भरत नाहीत. फुलोऱ्यात उष्णता ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेली, तर परागकण निकामी होऊन दाण्याऐवजी पळिंज हाती येते. रात्रीचा उकाडाही घातक असतो. फिलिपिन्समधील भातसंशोधन संस्थेच्या शेतांतील नोंदींवरून २००४ मध्ये असे दिसून आले, की उन्हाळी हंगामात रात्रीचे किमान तापमान १ अंशाने वाढले, की उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी घटते.

गव्हाची तऱ्हा निराळी. हस्ताच्या पावसाने भिजलेली काळी जमीन ओल धरून ठेवते व त्या ओलीवर कोरडवाहू गहू वाढतो. मार्गशीर्ष-पौषातील थंडीत त्याला फुटवे येतात. आपली थंडी पंजाबपेक्षा आखूड. म्हणून दाणा भरण्यास अवधीही थोडा. त्यात ऊन लवकर तापले, तर दाणा अकाली पिकून बारीक राहतो. मार्च २०२२ मधील उष्णतेने उत्तर भारतात असेच झाले; त्यानंतर मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात थांबविली.

आणि जो पाऊस आश्विनात वरदान, तोच फाल्गुनात शाप! २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने शेजारच्या मराठवाड्यात काढणीला आलेला गहू आडवा केला. चार महिन्यांचे कष्ट, घरचे वर्षाचे धान्य आणि मुलांच्या शिक्षणाची बेगमी घटकाभरात मातीस मिळाली.

हवामान आपल्या हाती नाही. त्याची नोंद मात्र आहे. शाळेच्या पर्जन्यमापकातील पाऊस, दिवसाचे व रात्रीचे तापमान आणि चालू नक्षत्र रोज वहीत लिहा. सुगीनंतर घरच्या उताऱ्याशी ती नोंद ताडून पाहा. पुढील पेरणीची तारीख ठरविताना वडीलधाऱ्यांना त्या वहीचा उपयोग झाला, तर तुमचा भूगोल खऱ्या अर्थाने शिकून झाला, असे मी समजेन.