स्वमग्न मूल मोठें होतें तेव्हां
(आईबाप, शिक्षक व मंडळींतील वडील ह्यांजकरितां पाठ)

निमगांव केतकी हें इंदापूर तालुक्यांतील पानमळ्यांचें गांव. आषाढी वारीच्या वाटेवर संत तुकाराम महाराजांची पालखी दर वर्षीं येथें मुक्काम करिते. त्या दिवशीं गांवाचें रूप पालटतें. रस्त्यानें माणसांची रीघ लागते, टाळमृदंगाचा व कर्ण्यांचा आवाज थांबत नाहीं, दारापुढें राहुट्या पडतात, नेहमींची वाट बंद होते. इतर मुलांस हा दिवस सणासारखा वाटतो. परंतु ज्या घरीं स्वमग्न मूल असेल, तेथील स्थिति डोळ्यांपुढें आणा. तें मूल कान दाबून कोपऱ्यांत बसतें, जेवत नाहीं, भिंतीवर डोकें आपटतें. शेजारी म्हणतात, "पोर हट्टी झालें आहे, दोन फटके द्या, म्हणजे सुधारेल."

वाचकहो, तें मूल हट्टी नाहीं. तें घाबरलेलें आहे. पालखी दुसरे दिवशीं पुढें जाते. परंतु जे बदल येऊन परत जात नाहींत, म्हणजे नवी शाळा, वाढणारा देह, अठरावें वर्ष, आईबापांचें म्हातारपण, त्यांस तें कसें तोंड देईल? हाच आजच्या पाठाचा विषय होय.

१. स्वमग्नता म्हणजे काय

अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील लिओ कॅनर ह्या डॉक्टरांनीं १९४३ सालीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. सर्व कांहीं जसेंच्या तसें राहावें अशी ओढ त्या मुलांस होती, व माणसांशीं मिसळणें त्यांस कठीण जात असे. ह्यासच पुढें ऑटिझम किंवा स्वमग्नता हें नांव रूढ झालें. हा मेंदूच्या घडणींतील जन्मजात भेद आहे. कांहीं मुलें मुळींच बोलत नाहींत, कांहीं पुष्कळ बोलतात. कांहींस अभ्यास जड जातो, कांहींची स्मरणशक्ति विलक्षण असते.

एके काळीं मोठमोठे विद्वान् देखील आईच्या थंडपणास दोष देत असत. तें मत खोटें ठरलें आहे. लस टोंचल्यानें स्वमग्नता येते हेंहि खोटें आहे. १९९८ सालीं ज्या लेखानें ही भीति पसरविली, तो लेख त्याच वैद्यकीय नियतकालिकानें २०१० सालीं मागें घेतला. म्हणून मातांनीं आपणांस दोष लावूं नये, धाकट्या भावंडांची लस चुकवूं नये, आणि अंगारेधुपारे व हमखास गुणाचीं औषधें ह्यांवर पैसा घालवूं नये. स्वमग्नता नाहींशी करणारें औषध नाहीं. शिकविणें आहे, व शिकविल्यानें पुष्कळ होतें.

२. बदल आधीं सांगावा

ज्या बदलाचा दिवस ठरलेला आहे, तो शिकविण्यास सर्वांत सोपा. पालखी केव्हां येणार हें आपणांस आधींच ठाऊक असतें. तर दहा दिवस आधीं भिंतीवर दिनदर्शिका लावा, व रोज रात्रीं मुलाच्या हातानें एक घर खोडवा. मागील वर्षाचें छायाचित्र दाखवा. त्या दिवशीं कोठें झोपावयाचें, काय खावयाचें, हें चित्रें काढून क्रमानें लावा. जें ऐकलेलें निसटतें, तें पाहिलेलें पुष्कळदां ह्या मुलांच्या मनांत टिकतें. सर्व बदलत असतां एक दोन गोष्टी मात्र त्याच ठेवा: तेंच ताट, तीच वाकळ. गर्दीच्या वेळीं मळ्यांतील वस्तीवर नेलें तरी चालेल. पुढील वर्षीं दुरून थोडा वेळ आवाज ऐकवा, व त्यानें पुरे म्हणून खूण करतांच परत फिरा. मुलास सहन करण्यास भाग पाडणें हा हेतु नव्हे. आपण सांगितलेलें खरें होतें, हा विश्वास त्यास यावा, हा हेतु होय.

शाळा बदलतांना असेंच करा. सुट्टींत, शाळा रिकामी असतां, त्यास तेथें दोन तीन वेळां न्या. वर्ग, बाक, पाण्याची जागा व शौचालय दाखवा. नव्या शिक्षकांस एका कागदावर तीन गोष्टी लिहून द्या: ह्यास काय आवडतें, कशाची भीति वाटते, आणि मदत हवी असतां हा कोणती खूण करितो.

३. देह वाढतो तेव्हां

पांच वर्षांचें पोर पाहुण्यांच्या गळ्यांत पडलें, तर सर्व हंसतात. पंधराव्या वर्षीं तेंच केलें, तर लोक मारावयास धांवतात. मुलास वाटतें, मी तोच आहे. लोक कां बदलले? म्हणून जें मोठेपणीं चालणार नाहीं, तें लहानपणींच शिकवूं नये. नमस्कार करणें आधींपासून शिकवा. कपडे दार लावून बदलावे, आपल्या अंगास कोणीं हात लावावा व कोणीं लावूं नये, हें साध्या शब्दांनीं व चित्रांनीं पुनःपुन्हां सांगा. मुलीस पाळीविषयीं पाळी येण्यापूर्वींच सांगावें. घडी घालणें, बदलणें, धुणें ह्यांचा सराव आधीं व्हावा, म्हणजे रक्त पाहून ती भिणार नाहीं. ह्या विषयांत लाजून गप्प राहणारे आईबाप आपल्या लेंकरास असुरक्षित ठेवितात.

ह्या वयांत कांहींस अपस्माराचे झटके येऊं लागतात. तेव्हां कांदा हुंगविण्यांत वेळ न घालवितां डॉक्टरांकडे न्यावें. शांत मूल एकाएकीं मारूं किंवा चावूं लागलें, तर प्रथम दांत, कान व पोट पाहा. ज्यास दुखणें सांगतां येत नाहीं, तो तें असें सांगतो.

४. एका शेतकरी जोडप्याचें उदाहरण

कॅनर ह्यांच्या अकरा मुलांपैकीं पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. त्याचा जन्म १९३३ सालीं मिसिसिपी संस्थानांतील फॉरेस्ट ह्या लहान गांवीं झाला. लहानपणीं त्यास आईबापांनीं एका संस्थेंत ठेविलें होतें. तेथें तो कोमेजला, तेव्हां त्यांनीं त्यास परत आणिलें. पुढें १९४२ सालीं गांवाबाहेरील एका शेतकरी जोडप्याकडे त्यास राहावयास पाठविलें. डोनाल्डला मोजण्याचें वेड होतें. त्या जोडप्यानें तें वेड मोडलें नाहीं. त्यास काम दिलें. विहिरीची खोली मोजावयास सांगितलें. तो मक्याच्या ओळी मोजीत बसे, तेव्हां नांगर हातीं देऊन म्हटलें, नांगरतांना मोज. आणि तो नांगरूं लागला.

हा डोनाल्ड पुढें पदवीधर झाला, बँकेंत नोकरीस लागला, सत्ताविसाव्या वर्षीं मोटार हांकावयास शिकला, आणि आईबापांच्या मागें त्याच घरीं राहून २०२३ सालीं वारला. त्याचें घराणें श्रीमंत होतें, ही गोष्ट खरी, आणि प्रत्येक मूल असें पुढें जाईल असें नाहीं. परंतु त्या शेतकऱ्यानें जें दिलें त्यास पैसा लागला नाहीं. पानमळ्यांतहि पानें मोजणें व एकावर एक रचणें हें काम आहे; ज्यास तोच क्रम रोज हवा, त्याचे हात तेथें उपयोगी पडतील.

५. अठरावें वर्ष

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत स्वमग्नतेचा समावेश आहे. सरकारी रुग्णालयांतून तपासणी करवून प्रमाणपत्र व ओळखपत्र लवकर काढावें. शाळेंतील व परीक्षेंतील सवलती त्यावर मिळतात. लहान मुलांविषयीं शंका आल्यास अंगणवाडींत व शाळेंत येणाऱ्या तपासणी पथकास दाखवावें. ही योजना २०१३ पासून आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालीं निरामय नांवाची आरोग्यविमा योजना आहे.

मुलगा अठरा वर्षांचा झाला, कीं कायद्याच्या दृष्टीनें तो सज्ञान होतो. ज्यास खरोखर गरज आहे, त्याच्या पालकत्वासाठीं न्यास कायद्याखालील स्थानिक समितीकडे अर्ज करितां येतो. तींत जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी असतो. परंतु जें तो स्वतः ठरवूं शकतो, तें त्यालाच ठरवूं द्यावें. आणि आमच्या मागें ह्याचें कोण पाहील, हा प्रश्न रात्रीं उशीवर एकट्या आईनें रडून सुटत नाहीं. भावंडें, काका, मामा ह्यांस बसवून बोला; बहिणीवर न विचारतां भार टाकूं नका. वडील जिवंत असतांच त्यानें महिन्यांतून एक रात्र दुसऱ्याच्या घरीं राहावयास शिकावें. पहिली रात्र अंत्यविधीची नसावी.

पानवेल दर वर्षीं आधारावरून उतरवून तिचा बुंधा मातींत पुरतात, म्हणजे ती नव्यानें वाढते. उतरवितांना शेतकरी हिसका देत नाहीं. गांठी एकेक सोडतो. बदल टळत नाहींत, तर ते असे हळू हातानें करावे, इतकेंच आपल्या हातीं आहे.

विचार करण्याकरितां प्रश्न

१. तुमच्या घरीं येत्या वर्षीं कोणता बदल ठरलेला आहे? मुलास तो कसा दाखवाल?
२. मुलाचें कोणतें वेड कामास लावितां येईल?
३. भजनाच्या वेळीं असें मूल ओरडलें, तर त्याच्या आईनें उठून जावें, असें आपण तिला भासवितों काय?
४. त्या मातेस महिन्यांतून एक दिवस विसांवा मिळावा, म्हणून तुमच्यांतील कोण पुढें येईल?