वरच्या मजल्यावरचे आजी-आजोबा

नगर, डिसेंबरचा पहिला आठवडा

चि. बाळ,

तुझं पत्र मिळालं. मनिलातल्या तुझ्या इमारतीत वरच्या मजल्यावर युटाहून आलेलं मिशनरी जोडपं राहतं, दोघंही सत्तरीला टेकलेले, मुलं-नातवंडं समुद्रापार, आणि नाताळ असा उकाड्यात! त्यांची कीव येते, त्यांच्यासाठी काय करू, असं तू विचारलंस. विचारलंस हे फार बरं केलंस. अभ्यासाच्या रगाड्यात शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडे लक्ष जाणं ही मोठीच गोष्ट आहे. पण त्यांच्या दारी जाण्याआधी कीव खालीच ठेवून जा. ती माणसं कोण, कशासाठी आली आणि त्यांचा नाताळ कसा जातो, हे कळलं की काय करावं ते आपोआप सुचेल.

हे जोडपं चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या मंडळीचं. तिचं मुख्यालय सॉल्ट लेक सिटीत. जग त्यांना मॉर्मन म्हणत आलं, पण 2018 पासून त्यांच्या पुढाऱ्यांनी पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला आहे, तेव्हा त्यांच्यासमोर तेच नाव घ्यावं. या मंडळीतले मुलगे 18 वर्षांचे झाले की दोन वर्षं मिशनवर जाऊ शकतात. कुठे जायचं ते त्यांना निवडता येत नाही. निवृत्त जोडप्यांची रीत वेगळी आहे. घरात 18 वर्षांखालचं मूल नसलं, प्रकृती धड असली आणि स्वतःचा खर्च पेलण्याची ऐपत असली, तर नवरा-बायको मिळून सहा महिन्यांपासून 23 महिन्यांपर्यंत सेवेला जातात. कोणतं काम आवडेल, कुठे जायला आवडेल, हे त्यांना आधी कळवता येतं. म्हणजे त्यांना मनिलाच्या उन्हात कुणी ढकललेलं नाही. निवृत्तीनंतरचा वेळ आणि साठवलेला पैसा कशावर खर्चायचा, हे त्यांनी विचार करून ठरवलेलं आहे.

अशी जोडपी दारोदार फिरून प्रचारच करतात, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यांतली पुष्कळ माणसं कचेरीचा कारभार बघतात, घरभाड्याचे आणि गाड्यांचे हिशेब ठेवतात, जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रं काढून वंशावळींसाठी जपून ठेवतात, मदतकार्याचं सामान पोचवतात, मंदिरात सेवा करतात. कुणी आयुष्यभर दंतवैद्य असतो, कुणी वकील, कुणी शाळेत शिकवलेलं असतं. ते कसब ते बरोबर घेऊन येतात. तुझ्या शेजाऱ्यांचं काम नेमकं काय, हे तू अजून विचारलेलं दिसत नाहीस. पहिल्या भेटीत तेच विचार. कामाबद्दल विचारलं की म्हातारी माणसं खुलतात.

ते ज्या मंडळीत काम करतात ती फिलिपिन्समध्ये फार जुनी नाही. 28 एप्रिल 1961 रोजी सकाळी, मनिलाजवळच्या अमेरिकन युद्धस्मारक दफनभूमीत तिचे एक पुढारी गॉर्डन हिंकली यांनी मोजक्या लोकांसमोर प्रार्थना करून तिथल्या कामाला आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या सुमारे 17 हजार सैनिकांचे क्रूस तिथे रांगेत उभे आहेत. त्या सभेला आलेल्यांत या मंडळीचा एकच फिलिपिनो सभासद होता. क्वेझॉन सिटीतलं त्यांचं मंदिर 1984 मध्ये अर्पण झालं आणि आज त्या देशात त्यांचे आठ लाखांहून अधिक सभासद आहेत. हे सांगायचं कारण असं, की तुझ्या शेजाऱ्यांना तिथे परकेपणा वाटत असेलच असं नाही. त्यांच्या रविवारच्या सभेत त्यांना लोलो आणि लोला, म्हणजे आजोबा-आजी, म्हणणारी, त्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावणारी मुलं असतील. वडीलधाऱ्यांना मान देण्याची ती तिथली पद्धत. तूही ती शीक. आपल्या वाकून केलेल्या नमस्काराइतकीच ती गोड आहे.

आता उकाड्याचं. सॉल्ट लेक सिटीत डिसेंबरात पारा शून्याच्या आसपास असतो आणि अंगणात बर्फ पडलेलं असतं. मनिलात त्याच दिवसांत दुपारी तीस अंश. पण तिथल्या लोकांना विचारशील तर हाच त्यांचा सुखाचा मोसम. पाऊस ओसरलेला असतो, ईशान्येकडून आमिहान वारे सुटलेले असतात आणि रात्री जरा गार होतं. शिवाय इतका लांब नाताळ जगात दुसरीकडे सापडणं कठीण. सप्टेंबर उजाडला की दुकानांत नाताळाची गाणी सुरू होतात. घराघरांवर पारोल म्हणजे चांदणीच्या आकाराचे कंदील लागतात. पाम्पांगा प्रांतातल्या सान फर्नांडोत तर हेच कंदील घराएवढे मोठे करतात आणि त्यांची स्पर्धा लावतात. 16 ते 24 डिसेंबर नऊ दिवस कॅथलिक लोक पहाटेच्या अंधारात सिम्बांग गाबीच्या मिस्साला जातात. देवळाबाहेर केळीच्या पानावर भाजलेली तांदळाची बिबिंगका आणि बांबूच्या नळीत वाफवलेला जांभळा पुतो बुंबोंग विकायला असतो. संध्याकाळी लहान मुलं बाटल्यांची झाकणं ठोकून चपटी करतात, तारेत ओवून त्यांची खुळखुळी बनवतात आणि दारोदार गाणी म्हणत फिरतात.

हे सगळं चालू असताना थंडीच्या देशातून आलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे खिडक्या लावून, एसी चालवून, कापसाच्या बर्फाचं झाड सजवून घरची उणीव मोजत बसायचं. दुसरी म्हणजे दार उघडून त्या पोरांच्या हातावर नाणी ठेवायची. अशा कामात रमलेली म्हातारी जोडपी दुसऱ्या वाटेनं जातात. तूही परदेशात पहिलाच नाताळ काढते आहेस. नगरच्या चर्चमधली गाणी आणि घरचा फराळ आठवून तुझाही जीव खालीवर होत असणार. त्यांच्याकडून हे शिकून घे.

त्यांचा नाताळ एकट्यानं जातो असंही समजू नकोस. त्यांच्या मंडळीतले तरुण मिशनरी, त्यांत फिलिपिनो मुलंमुली पुष्कळ, आईबापांपासून दूर असतात. फेब्रुवारी 2019 पर्यंत या मुलांना वर्षातून दोनदाच घरी फोन करता येई, एकदा नाताळाला आणि एकदा मातृदिनाला. त्यानंतर नियम बदलला आणि आता ती दर आठवड्याला घरी बोलू शकतात. फोन मिळाला तरी आईच्या हातचं जेवण मिळत नाही. ते बहुधा अशा ज्येष्ठ जोडप्यांच्या टेबलावर मिळतं. तेव्हा 25 तारखेला वरच्या मजल्यावर बुटांची रांग दिसली आणि जिन्यात गलका झाला, तर वैतागू नकोस. आजीबाई सकाळपासून ओट्याशी उभ्या असतील. जाऊन बटाटे सोलून दे. त्या दिवशी तुझ्या भेटवस्तूपेक्षा तुझ्या हातांचा त्यांना जास्त उपयोग होईल.

त्या देशातला डिसेंबर नेहमीच गाण्याबजावण्याचा नसतो. 16 डिसेंबर 2021 रोजी, सिम्बांग गाबीच्या पहिल्याच दिवशी, ओडेट वादळ सिआर्गाव, बोहोल आणि सेबू या बेटांवर आदळलं. चारशेहून अधिक माणसं गेली आणि लाखो घरांत तो नाताळ विजेविना, पाण्याविना गेला. त्याआधी नोव्हेंबर 2013 मध्ये योलांदा वादळानं ताक्लोबान उद्ध्वस्त केलं आणि सहा हजारांवर बळी घेतले. तेव्हा या मंडळीच्या सभागृहांत हजारो लोकांनी आसरा घेतला होता. त्यांत दुसऱ्या पंथांची माणसंही होती. अशा वेळी ताडपत्री, तांदूळ, पिण्याचं पाणी कुठे किती पोचलं याच्या याद्या कुणीतरी शांतपणे बनवाव्या लागतात. सत्तरीतला माणूस पोतं उचलू शकत नसेल, पण यादी चोख ठेवतो. तुला पुढे डॉक्टर व्हायचं आहे. वरच्या मजल्यावर तसलं काम चालत असेल, तर अशा याद्या कशा बनतात हे त्यांच्याकडे बसून बघ. वैद्यकीच्या पुस्तकात ते सहसा सापडत नाही.

आपल्या नगरला अशा माणसांची ओळख आहे. डॉ. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म 1847 चा, मुंबईतला. लहानपणी ते अमेरिकेला गेले, येलला शिकले, 1874 मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे नगरला आले आणि 1926 पर्यंत इथेच राबले. 1878 मध्ये त्यांनी इथे धर्मशिक्षणाचं विद्यालय काढलं. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक तिथे शिकवत. दुष्काळातल्या कामाबद्दल ह्यूमसाहेबांना 1901 मध्ये कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळालं. त्यांची पत्नी केटी ही वडाळ्याच्या फेअरबँक मिशनऱ्यांची लेक. म्हणजे नवरा-बायको दोघांचीही मुळं याच मातीतली. ती आयुष्यभरासाठी आलेली माणसं होती, तुझे शेजारी थोड्या काळासाठी आलेले आहेत, आणि दोघांचे पंथही वेगळे. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. परमुलखातून आलेल्या म्हाताऱ्याला सणाच्या दिवशी घर मिळतं की नुसतं छप्पर, हे त्याच्या शेजाऱ्यांवर ठरतं. नगरच्या ख्रिस्ती घरांत नाताळाला केकच्या जोडीला करंज्या, शेव, चिवडा असतोच आणि टिळकांची भजनं टाळ-मृदंगावर म्हटली जातात. इथल्या माणसांनी आपल्या चालीचा सण मांडला, म्हणून परक्यांनाही त्यात बसायला जागा झाली. तुलाही वरच्या मजल्यासाठी अशी जागा करायची आहे.

त्यासाठी काही गोष्टी आधी ठाऊक असू देत.

हाक मारताना आडनावाआधी एल्डर आणि सिस्टर लाव. मिशनवर असेपर्यंत त्यांना तसंच संबोधतात. छातीवरच्या काळ्या पट्टीवरही तेच लिहिलेलं असतं.

चहा-कॉफी विचारू नकोस. 1833 पासून त्यांच्याकडे आहाराचा जो नियम आहे, त्यात चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू वर्ज्य आहे. आपल्याकडे पाहुण्याला चहा न विचारणं म्हणजे अपमान, पण इथे तो मोह आवर. लिंबाचं सरबत चालेल, वेलदोडा घातलेलं दूध चालेल, तिथला आल्याचा सालाबात चालेल. रममध्ये भिजवलेला केक मात्र नेऊ नकोस.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दोन वेळचं जेवण सोडतात आणि तो पैसा गरिबांसाठी देतात. त्या दिवशी डबा पाठवू नकोस. कुठल्याही रविवारी त्यांना हॉटेलात चला म्हणू नकोस, कारण तो दिवस ते खरेदी-विक्रीपासून दूर राखतात. सोमवारची संध्याकाळ त्यांच्याकडे कुटुंबासाठी राखलेली असते. नातवंडं दूर असताना त्या संध्याकाळी पाहुणा आला तर त्यांना आनंदच होईल. आधी विचारून सोमवारीच जा.

धर्माचं बोलणं निघेल. ते मिशनरी आहेत, त्यांनी बोलायचं टाळावं अशी अपेक्षा धरणं बरोबर नाही. त्यांच्या शिकवणीत आणि आपल्या मंडळीच्या शिकवणीत मोठे फरक आहेत, ते झाकायचीही गरज नाही. नीट ऐकून घे, आपण काय मानतो ते सरळ सांग आणि सभेला यायचं नसेल तर हसून नाही म्हण. टाळाटाळ करून चार वेळा पुढची तारीख देणं हा अपमान आहे. स्पष्ट नकार तसा नाही.

प्रकृतीकडे लक्ष ठेव, पण हद्द ओळखून. थंड कोरड्या मुलखातल्या म्हाताऱ्या माणसांना दमट उन्हात तहान उशिरा कळते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. दुपारी बाहेर निघताना पाण्याची बाटली हातात आहे का बघ. फुलदाणीत, बादलीत पाणी साचलेलं असेल तर ओतून टाकायला सांग, तिथे डेंग्यू बारा महिने असतो. ताप आला तर मनानं गोळी सुचवू नकोस, तू अजून शिकते आहेस. त्यांना दवाखान्यात पोचव आणि सोबत बस.

घड्याळाचंही ध्यानात ठेव. मनिला सॉल्ट लेक सिटीच्या पंधरा तास पुढे आहे. तुमच्याकडे 25 तारखेचे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा तिकडे 24 ची संध्याकाळ असते, सगळं कुटुंब जमायची वेळ. त्या तासाला त्यांच्या दाराची घंटी वाजवू नकोस. दहाच्या पुढे जा.

आणि सगळ्यात जास्त गरज नाताळ संपल्यावर लागेल. फिलिपिन्समध्ये सण तीन राजांच्या दिवसापर्यंत, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो. मग पारोल उतरतात, तरुण मिशनरी कामाला लागतात, तुझे वर्ग सुरू होतात. त्या दिवसांत आठवड्यातून एकदा तरी वर चढ. काही नेऊ नकोस, काही मागून आण. केकची कृती, कामातली एखादी हकिकत, नातवंडांचे फोटो. देत राहणाऱ्या माणसाकडे कुणी काही मागितलं की त्याला आपण कामाचे आहोत असं वाटतं.

करंज्यांचं विचारलं होतंस. तिथे नारळ ताजा मिळतो, गुळाऐवजी मुस्कोवाडो साखर घे. रवा न मिळाल्यास नुसत्या मैद्याला तुपाचं कडकडीत मोहन घाल. ओल्या नारळाचं सारण त्या हवेत दुसऱ्या दिवशी आंबतं, म्हणून सकाळी तळून त्याच दिवशी वाटून टाक. वरच्या मजल्याला दे, चौकीदाराला दे, झाकणांची खुळखुळी घेऊन येणाऱ्या पोरांसाठीही थोड्या राखून ठेव. कडा दुमडताना दुधाचं बोट लाव, नाहीतर तेलात फुटतील.

तुझ्या बाबांची तब्येत बरी आहे. 24 ला रात्री फोन कर.

तुझी,
आत्या